बहुमत असताना सरकारला मर्यादा कशासाठी?

प्रश्नकर्त्याचं म्हणणं थोडक्यात असं आहे: लोकांनी मतं देऊन सरकार निवडलं, पाच वर्षं राज्य करायचा कौल दिला. मग आधीच्या पिढीने लिहिलेल्या घटनेने आणि कुणीच न निवडलेल्या न्यायाधीशांनी त्या सरकारला अडवायचं, ही लोकशाहीची थट्टाच नाही का? आणि ‘मर्यादित सरकार’ हवं म्हणणाऱ्यांना सरकारी शाळा, दवाखाने नकोत का?

मी वकील आहे. सरकारविरुद्धच्या रिट याचिका, म्हणजे सरकारी आदेश किंवा कृतीला थेट उच्च न्यायालयात आव्हान देणारे अर्ज, हे माझं रोजचं काम. मधला काही काळ सरकारी वकील म्हणूनही उभा राहिलो, त्यामुळे ‘कोर्ट कामच करू देत नाही’ ही चिडचिड मी बाहेरूनही ऐकली आहे आणि आतूनही. प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. फक्त त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत: सरकार केवढं असावं, त्याने काम कोणत्या रीतीने करावं, आणि ती रीत मोडली तर थांबवायचं कुणी.

पहिला चटकन सुटतो. सरकार किती मोठं आहे याचा आणि ते किती बेलगाम आहे याचा फारसा संबंध नाही. क्रांतीपूर्वीच्या फ्रान्समधलं सरकार आजच्या मानाने अगदीच आटोपशीर होतं. सगळ्यांसाठी शाळा, पेन्शन, आरोग्यसेवा असलं काही त्याच्या गळ्यात नव्हतं. पण राजाच्या सहीचं मोहोरबंद पत्र निघालं की माणूस थेट तुरुंगात. ना आरोप, ना खटला, ना अपील. ही पत्रं बंद झाली ती १७९० मध्ये. उलट स्वीडन बघा. तिथलं सरकार भरभक्कम कर घेतं आणि बालसंगोपनापासून वृद्धांच्या देखभालीपर्यंत सगळीकडे हजर असतं. पण सरकारी कागदपत्रं पाहण्याचा नागरिकांचा हक्क त्या देशाने १७६६ मध्येच कायद्यात लिहिला. तेव्हा शाळा-दवाखाने किती असावेत हा निवडणुकीत भांडायचा विषय आहे, आणि त्यावर माझं मत तुमच्याशी जुळेलही. मर्यादेचा मुद्दा त्याहून वेगळा आहे.

तो असा. कायद्याने मनाई केलेली नाही ते सगळं नागरिकाला करता येतं. सरकारला नेमकं उलट: कायद्याने अधिकार दिला आहे तेवढंच करता येतं. त्यामुळे नागरिकाला ‘हे का केलंस?’ विचारण्याआधी सरकारला ‘हे कुठल्या कलमाखाली केलंत?’ हे सांगावं लागतं. इंग्लंडमध्ये १७६२ साली राजाच्या दूतांनी जॉन एंटिक नावाच्या लेखकाच्या घरात घुसून चार तास झडती घेतली आणि त्याचे कागद उचलून नेले. मंत्र्याच्या सहीचं वॉरंट होतं, आणि राज्याच्या सुरक्षेसाठी हे गरजेचं होतं असा बचाव होता. १७६५ मध्ये लॉर्ड कॅमडेन यांनी तो फेटाळला. असा अधिकार कायद्यात असेल तर तो ग्रंथांत सापडेल, सापडत नसेल तर तो कायदा नाही, असं त्यांचं म्हणणं. मंत्री होता, सही होती, गरजही असेल, पण अधिकार देणारं कलम कुठे आहे?

हे जुनं आणि परकं वाटत असेल तर आपल्याकडचं एक प्रकरण सांगतो. मला ते फार आवडतं, कारण त्यात काहीच भव्य नाही. १९४७ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी गोर्धनदास भानजी यांना अंधेरीत चित्रपटगृह बांधायची परवानगी दिली. काही महिन्यांतच त्यांना आयुक्तांच्या कार्यालयाचं पत्र आलं. मजकूर साधारण असा: तुम्हाला दिलेली परवानगी रद्द करण्यात येत आहे, हे कळवण्याची मला सरकारकडून सूचना आहे. एवढंच. कारण नाही, म्हणणं मांडायची संधी नाही.

सगळी गोम त्या ‘मला सूचना आहे’मध्ये आहे. नियमांप्रमाणे परवानगी द्यायचा आणि रद्द करायचा अधिकार पोलीस आयुक्तांचा होता, सरकारचा नव्हता. आयुक्त स्वतः विचार करून रद्द करू शकत होते. पण पत्रच सांगत होतं की विचार दुसऱ्याने केला, आयुक्तांनी फक्त निरोप पोचवला. खटला चालल्यावर आयुक्तांच्या बाजूने सांगण्यात आलं की निर्णय खरं तर त्यांचाच होता. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकलं नाही. सार्वजनिक अधिकाऱ्याने काढलेल्या आदेशाचा अर्थ त्यात लिहिलेल्या शब्दांवरूनच लावायचा, आपल्या मनात काय होतं हे त्याने नंतर सांगून भागत नाही.

आता न्यायालयाने पुढे काय केलं ते बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. चित्रपटगृह बांधू द्या, असं न्यायालय म्हणालं नाही. अंधेरीला चित्रपटगृहाची गरज आहे की नाही हे न्यायाधीशांनी ठरवलंच नाही. ज्याला कायद्याने अधिकार दिलाय त्या आयुक्तांनी नियमात सांगितलेल्या गोष्टी विचारात घेऊन स्वतः निर्णय घ्यावा, एवढंच सांगितलं. त्यांनी पुन्हा परवानगी रद्द केली असती तरी चाललं असतं, फक्त ते स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या विचाराने करावं लागलं असतं. सरकारला अडवलं असं आपण ज्याला म्हणतो, ते बहुतेक वेळा इतपतच असतं.

माझ्या टेबलावर आदेश येतो तेव्हा मी मजकुराच्या आधी सही बघतो. मग कलम. मग कारणं. यांपैकी एक जरी गायब असेल तर सरकारी बाजूचं प्रतिज्ञापत्र जाडजूड येणार हे ठरलेलं. मूळ आदेश चार ओळींचा, आणि कोर्टात आल्यावर त्याला पंचवीस पानांची कारणं फुटतात. वरातीमागून घोडं. मोहिंदरसिंग गिल खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर पुन्हा बोट ठेवलं. जुनी होईल तशी मुरत जायला आदेश म्हणजे काही दारू नव्हे, असं न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलं. सरकारी वकील असताना मला हा नियम जाचक वाटायला हवा होता. प्रत्यक्षात तो उपयोगी पडायचा, कारण अधिकाऱ्यांना आधीच सांगता यायचं की कारणं आत्ता लिहा, नंतर मी ती घालू शकणार नाही.

आणि इथे एक गोष्ट बाहेरून दिसत नाही. मर्यादा कोर्टात फार थोड्या वेळा वापरली जाते. ती रोज वापरली जाते कार्यालयात, फाईलवरच्या टिपणीत. ‘वरून आदेश आहेत’ असं फोनवर सांगितलं जातं तेव्हा खालचा अधिकारी ‘साहेब, हे कोणत्या कलमात बसवू?’ असं विचारू शकतो. ‘लेखी द्या’ म्हणू शकतो. सगळेच म्हणत नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण म्हणणाऱ्याच्या पाठीशी कायदा असतो, ही छोटी गोष्ट नव्हे. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतल्या भाषणात राज्यकारभाराचे तपशील घटनेत का घातले याचं उत्तर देताना नेमकं हेच सांगितलं होतं: घटनेचं रूप न बदलता केवळ कारभाराची पद्धत बदलूनही घटना विकृत करता येते.

आता बहुमताकडे येतो. ‘लोकांनी पाच वर्षं दिली’ असं तुम्ही म्हणता. ती पाच वर्षं सहा करायची कुणी? हा प्रश्न काल्पनिक नाही. मार्च १९७१ मध्ये निवडून आलेल्या लोकसभेची मुदत १९७६ मध्ये संपत होती. आणीबाणी चालू होती, आणि तशा काळात मुदत वाढवायची सोय घटनेतच आहे. संसदेने कायदा करून स्वतःची मुदत वाढवली. त्याच वर्षीच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तर लोकसभेची नेहमीची मुदतच सहा वर्षांची केली. सगळं बहुमताने, रीतसर. फक्त मतदाराला कुणी विचारलं नाही. १९७१ चा मतदार आणि १९७६ चा मतदार यांचं मत एकच असेल असं गृहीत धरलं गेलं, आणि १९७७ मध्ये ते तसं नव्हतं हे दिसलं.

म्हणून मी बहुमत एक नाही, दोन मानतो: आजचं आणि उद्याचं. आजच्या बहुमताने कर वाढवावेत, कमी करावेत, कारखाने सरकारी करावेत किंवा विकावेत. उद्याचं बहुमत ते फिरवू शकतं. पण आजच्या बहुमताने विरोधकांना तुरुंगात टाकलं, वर्तमानपत्रं बंद केली, निवडणूक लांबवली, तर उद्याचं बहुमत तयारच होऊ शकत नाही. माझ्या मते मर्यादा मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींसाठी आहेत. जर्मनीत २३ मार्च १९३३ ला राइशस्टागने, म्हणजे तिथल्या संसदेने, ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदा करून मंत्रिमंडळाला संसदेशिवाय, घटनेच्याही विरोधात जाणारे कायदे करायचा अधिकार देऊन टाकला. कम्युनिस्ट सदस्यांना सभागृहात येऊच दिलं नव्हतं, बाकीच्यांवर दहशत होती. विरोधात मत दिलं ते फक्त सोशल डेमोक्रॅट पक्षाने. तरी कागदावर दोन तृतीयांशांहून जास्त बहुमत होतं. त्याच जर्मनीने १९४९ च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे आपल्या घटनेत, लिहून ठेवलं की मानवी प्रतिष्ठेचं तत्त्व कुठल्याही दुरुस्तीने हलवता येणार नाही.

जाता जाता, सभागृहातलं बहुमत म्हणजे लोकांचं बहुमत असंही नसतं. भारतात लोकसभेच्या एकाही निवडणुकीत कुठल्याही एका पक्षाला निम्म्याहून जास्त मतं मिळालेली नाहीत. १९८४ मध्ये काँग्रेसने चारशेहून जास्त जागा जिंकल्या, तेव्हाही नाहीत. सरकार त्याने बेकायदा ठरत नाही. पण ‘आम्ही म्हणजेच जनता’ हा दावा जरा बेतानेच करावा.

मग संकटकाळी काय? इथे मात्र परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. युद्ध, साथ, मोठा दंगा अशा वेळी सरकारला चपळाई लागते, आणि प्रत्येक आदेशाआधी सुनावणी घ्या असं कुठलंच न्यायालय म्हणत नाही. अधिकार किती वाढवायचे हे धोका खरा किती आणि किती दिवसांचा यावर ठरतं. फक्त धोका आहे की नाही हे ठरवणारा आणि अधिकार वापरणारा एकच असेल, तर धोका कधीच संपत नाही. कोरियन युद्ध चालू असताना, एप्रिल १९५२ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी संप टाळण्यासाठी पोलाद कारखाने ताब्यात घेतले. तसा अधिकार अमेरिकी काँग्रेसने दिलेला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ताबा बेकायदा ठरवला. ट्रुमन यांनी कारखाने परत केले. संप झाला, पन्नासहून जास्त दिवस चालला. मर्यादा फुकट मिळते असं मी म्हणणार नाही. तिची किंमत असते आणि कधीकधी ती निरपराधांनाही द्यावी लागते.

आपल्याकडे २८ एप्रिल १९७६ ला याच्या उलट घडलं. आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी दिला. विरोधात होते ते एकटे न्या. एच. आर. खन्ना. तो निकाल न्यायालयाने स्पष्टपणे रद्द केला २०१७ मध्ये. पण त्याच्या कितीतरी आधी, १९७८ मध्ये, तो दरवाजा संसदेने बंद केला होता. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ठरवलं की आणीबाणीतही जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही. आणीबाणी लावायला ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण पुरणार नाही, सशस्त्र बंड लागेल. मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवावा लागेल. आणि लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षं. तुमच्या प्रश्नात घटना आणि न्यायाधीश एका बाजूला, लोकप्रतिनिधी दुसऱ्या बाजूला असं चित्र आहे. इथे न्यायाधीश कमी पडले आणि लोकप्रतिनिधींनी स्वतःच सरकारचे हात बांधले.

आता उरले न्यायाधीश. त्यांना कुणी निवडत नाही हे खरं. कुंपणानेच शेत खाल्लं तर, ही शंका रास्त आहे. न्यायालयाजवळ फौज नसते, तिजोरी नसते, स्वतःहून अंमलबजावणी करायची यंत्रणा नसते. जवळ असतो तो कारणांसह लिहिलेला निकाल, आणि तोही उघड्या न्यायालयात झालेल्या युक्तिवादानंतर. त्याला जोडून असहमतीचा निकाल येऊ शकतो, मोठं खंडपीठ तो फिरवू शकतं, विधिमंडळ कायद्यातली त्रुटी दूर करू शकतं. घटनादुरुस्तीही होऊ शकते, फक्त केशवानंद भारती खटल्याने २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने सांगितल्याप्रमाणे घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही. बेचाळिसाव्या दुरुस्तीने संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही असं लिहून टाकलं, तेव्हा १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालाने ते कलम रद्द केलं. तर्क साधा होता: मर्यादित अधिकार मिळालेल्याने तोच अधिकार वापरून स्वतःला अमर्याद करून घेता येत नाही.

हाच तर्क न्यायालयालाही लागू केला पाहिजे, आणि तिथे माझं तुमच्याशी थोडंफार जमतं. न्यायाधीशांच्या नेमणुकांवर न्यायाधीशांचाच वरचष्मा, ही पद्धत १९९३ च्या निकालातून आली. संसदेने ती बदलण्यासाठी केलेली नव्व्याण्णवावी घटनादुरुस्ती न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केली. सरकारचा हात दूर ठेवण्याचं कारण मला पटतं. नेमणूक का झाली किंवा का नाकारली याची कारणं लोकांना क्वचितच कळतात, हे पटत नाही. सरकारकडून आपण कारणं मागतो, तर इथेही मागायला हवीत. धोरण चांगलं की वाईट हे न्यायालय ठरवू लागलं की मी अस्वस्थ होतो, निकाल माझ्या अशिलाच्या बाजूने असला तरी. आयुक्तांना ‘तुम्ही ठरवा’ म्हणणारं १९५१ चं न्यायालय मला त्यापेक्षा जवळचं वाटतं.

शिवाय न्यायालय आपण होऊन क्वचितच पोचतं, कुणीतरी कागद घेऊन जावं लागतं. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम (सभागृहाचं अधिवेशन नसताना सरकारने काढायचे तात्पुरते कायदे) मुदत संपली की पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले, काही तर दहा वर्षांहून अधिक. विधानसभा होती, बहुमत होतं, पण विधेयक मांडून चर्चा करायचे कष्ट नको होते. हे शोधून काढलं पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा यांनी, राजपत्रं चाळून. त्यांच्याच याचिकेवर डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला घटनेशी केलेली लबाडी ठरवलं. गंमत बघा, इथे न्यायालय निवडून आलेल्या विधानसभेच्या बाजूनेच उभं होतं. तिला वगळून चाललेला कारभार त्याने थांबवला. ब्रिटनमध्ये लिखित घटना एका जागी नाही, संसद सर्वोच्च मानली जाते, तिथेही २४ सप्टेंबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने संसद पाच आठवडे स्थगित ठेवण्याचा पंतप्रधानांनी राणीला दिलेला सल्ला एकमताने बेकायदा ठरवला. कारण तेच: निवडून आलेल्या सभागृहाचं काम सरकार अडवत होतं.

तुम्ही कायद्याचे विद्यार्थी नसाल तरी हे सगळं स्वतः तपासायची एक सोपी रीत आहे. नवं विधेयक आलं की बहुतेक लोक उद्देश वाचतात. उद्देश नेहमीच चांगला असतो. वाईट उद्देशाचं विधेयक मी अजून पाहिलेलं नाही. मी विधेयक शेवटून वाचतो. शेवटच्या पानांवर नेहमीची कलमं बसलेली असतात. सरकारला नियम करायचा अधिकार किती: तपशील भरण्यापुरता, की गुन्हा कशाला म्हणायचं हेही नियमांनीच ठरवायचं? केलेले नियम सभागृहासमोर ठेवायचे आहेत का? सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण कुणाकुणाला? दिवाणी न्यायालयाचं दार बंद केलं असेल, तर त्याऐवजी अपील कुणाकडे: स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, की ज्या खात्याने आदेश काढला त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे?

त्यानंतर ‘अडचणी दूर करण्याची शक्ती’ नावाचं कलम येतं. अंमलबजावणीत अडचण आली तर सरकार आदेश काढून ती दूर करील, असं त्यात असतं. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या नावाने ओळखलं जाणारं हेच ते कलम. १९६५ च्या बोनस कायद्यात ते इतकं ढगळ होतं की पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, कारण कायदा बदलायचं विधिमंडळाचं काम त्यातून सरकारच्या हाती जात होतं. तेव्हा या कलमात दोन गोष्टी शोधा. आदेश मूळ कायद्याशी विसंगत नसावा अशी अट आहे का, आणि कायदा लागू झाल्यापासून दोन किंवा तीन वर्षांनी ही शक्ती संपेल असं लिहिलंय का. दोन्ही असतील तर विधेयक लिहिणाऱ्याने आपलं काम केलं आहे. मुदतच नसेल, तर तुमच्या आमदाराला किंवा खासदाराला ती का नाही हे विचारा, विधेयक मंजूर व्हायच्या आत.